जुना मिरजी तंबोरा: ओळख, दुरुस्ती आणि जवारी (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

सांगली-मिरज भागात जुन्या घराचा माळा रिकामा करताना अजूनही तंबोरे निघतात. कुणाच्या आजीचा, कुणाच्या मंडळाचा, कुणाला हौसेपोटी घेऊन विसरलेला. असं वाद्य हाती आल्यावर पडणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे दिली आहेत. आधीच एक सांगून ठेवतो. कामाचा क्रम चुकला की पैसा आणि वाद्य दोन्ही वाया जातात. आधी सांधे, मग पॉलिश, मग खुंट्या, मग तारा आणि सगळ्यात शेवटी जवारी (तारा टेकतात त्या घोडीचा माथा घासून नाद जुळवणं). बहुतेक लोक नेमकं उलट्या टोकाने सुरू करतात.

हा तंबोराच आहे की पडदे निघून गेलेली सतार?

ही गफलत वाटते त्यापेक्षा जास्त होते, कारण धूळ खाल्लेल्या सतारीचे पडदे काढून ठेवलेले किंवा हरवलेले असतात. खुंट्या मोजा. तंबोऱ्याला बहुधा चार असतात, दोन समोर आणि दोन बाजूंना. पाच-सहा तारांचेही तंबोरे आहेत. सतारीच्या दांडीच्या एका बाजूला तरफेच्या (मुख्य तारांखाली आपोआप झंकारणाऱ्या तारांच्या) बारीक खुंट्यांची ओळ किंवा निदान त्यांची भोकं दिसतात. दांडीच्या तोंडावरून बोट फिरवा. सतारीची दांडी समोरून खोलगट असते आणि कडांवर पडदे बांधल्याच्या खुणा असतात. तंबोऱ्याची दांडी सपाट किंवा किंचित फुगीर आणि गुळगुळीत असते, कारण तिथे बोट दाबायचंच नसतं.

जेंट्स आणि लेडीज तंबोरा कसा ओळखायचा?

लांबीवरून. साडेचार ते पाच फूट असेल तर जेंट्स, साडेतीन ते चारच्या आसपास असेल तर लेडीज. तारा कोणत्या जाडीच्या लावायच्या ते यावरच ठरतं, म्हणून घोडीपासून वरच्या आडीपर्यंतचं (दांडीच्या वरच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीपर्यंतचं) अंतर सेंटिमीटरमध्ये मोजून लिहून ठेवा.

तो मिरजेचाच आहे हे कशावरून?

नुसत्या रूपावरून छातीठोक सांगू नये. तंजावरचा तंबोरा मात्र लगेच वेगळा काढता येतो, कारण त्याला भोपळाच नसतो. खालचं भांडं फणसाच्या लाकडातून कोरलेलं असतं. मिरजेच्या वाद्याला कडू भोपळा असतो. तो पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या शेतांतून येतो. दांडी आणि तबली (भोपळ्याच्या तोंडावरची लाकडी फळी) बहुधा तुणीच्या लाकडाची असते, लालसर आणि वजनाला हलकी. भोपळ्याच्या खांद्यावर कोरलेली लाकडी पानं आणि कडेने पांढरी नक्षीची पट्टी हेही नेहमीचं. तरी ही कामं इतर ठिकाणीही झाली आहेत, त्यामुळे खरा पुरावा म्हणजे लेबल.

लेबलवरून वय कळतं का?

पुष्कळदा कळतं, आणि कारागिराच्या नावापेक्षा पत्ता जास्त बोलतो. टॉर्च आणि भिंग घेऊन बसा. लेबल दांडीच्या वरच्या टोकाला, मागच्या बाजूला किंवा गळ्याजवळ (दांडी आणि भोपळा जुळतात तिथे) चिकटवलेलं असतं.

पत्त्यात 'मिरज संस्थान' किंवा 'एस. एम. सी.', म्हणजे सदर्न मराठा कंट्री, असं असेल तर लेबल संस्थानी काळात छापलेलं आहे. मिरज संस्थान १९४८ मध्ये विलीन झालं. 'जि. दक्षिण सातारा' असेल तर काळ आणखी नेमका ठरतो. १९४९ मध्ये झालेल्या या जिल्ह्याचं नाव १९६० च्या नोव्हेंबरात 'सांगली' झालं, म्हणजे जेमतेम अकरा वर्षांची खिडकी. पिनकोड असेल तर लेबल १९७२ च्या ऑगस्टनंतरचं, कारण पिनकोड तेव्हाच आला. एक सावधगिरी हवी. छापलेली लेबलं संपेपर्यंत वापरली जात, म्हणून दोन-चार वर्षं इकडे-तिकडे धरा. आणि लेबल दुरुस्ती करणाऱ्याचंही असू शकतं.

कुणी 'तीनशे वर्षांपूर्वीचा मिरजी तंबोरा' म्हणून गळ्यात मारत असेल तर हात जोडा. मिरजेत हे काम एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला रुजलं. हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातले फरीदसाहेब या कामाकडे वळले आणि त्यांच्या पुढच्या पिढ्या सतारमेकर झाल्या. त्याआधीचं मिरजी वाद्य असण्याचा हिशोबच जुळत नाही.

मुद्दाम जुनं भासवलेलं वाद्य कसं ओळखावं?

झीज योग्य जागी आहे का ते पाहा. खऱ्या जुन्या तंबोऱ्यात भोपळ्याचा मांडीला टेकणारा भाग, दांडीवर अंगठा टेकतो ती जागा आणि खुंट्यांच्या भोकांच्या कडा झिजलेल्या असतात. तबलीवर सूर बारीक जुळवायच्या मण्यांनी घासलेल्या रेघा असतात. सगळीकडे सारखाच काळपटपणा, आत मात्र पिवळंधमक नवं लाकूड आणि फुलीच्या खाचेचे स्क्रू असं एकत्र दिसलं तर वय पॉलिशच्या डब्यातून आलं आहे.

पांढरी नक्षी हस्तिदंताची आहे का?

बहुतेक वेळा नसते. सेल्युलॉइड असेल तर कोपरा कापडाने जोरात चोळल्यावर कापराचा वास येतो. हाड असेल तर भिंगातून बारीक काळपट ठिपके आणि रेघा दिसतात. हस्तिदंताच्या आडव्या छेदात एकमेकींना छेदणाऱ्या जाळीदार रेषा असतात. तापवलेली सुई टोचून पाहायचा सल्ला देणारे भेटतील. त्यांचं ऐकू नका, सेल्युलॉइड भसकन पेट घेतं.

खरंच हस्तिदंत निघाला तर तो वेगळा काढून विकण्याचा विचारही करू नका. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ खाली त्याची खरेदी-विक्री बंद आहे, आणि सांबरशिंगाच्या जुन्या घोडीलाही तेच लागू आहे. असा तंबोरा विकत घेण्याआधी वनखात्याकडे विचारावं. नक्षीचा तुकडा पडला असेल तर उंटाच्या हाडाचा नवा बसवता येतो.

घरी आणल्यावर पहिल्यांदा काय करायचं?

सुरात लावून पाहायचं नाही. हेच पहिलं. जेंट्स तंबोऱ्याच्या चार तारा सुरात असताना मिळून वीस-बावीस किलोंचा ताण घोडी, तबली आणि गळ्यावर येतो. सुटलेल्या सांध्यावर तो ताण दिला की किरकोळ काम मोठं होतं.

आधी चारही बाजूंनी फोटो काढा. तारा चढवलेल्या असतील तर एकेक पूर्ण सोडू नका; प्रत्येक खुंटी अर्धा-अर्धा फेरा अशी आळीपाळीने ढिली करा. घोडी उचलण्यापूर्वी तिच्या पायांभोवती मऊ पेन्सिलीने खूण करा. खुंट्या काढताना त्यांच्या टोकाला १ ते ४ आकडे घाला, कारण प्रत्येक खुंटी आपल्याच भोकाच्या मापाने घासलेली असते आणि अदलाबदल झाली की एकही धड बसत नाही. मणी, तारेखालचा दोरा, तुटलेला नक्षीचा कपचा, सगळं एका डबीत ठेवा.

मग टिचकी मारत फिरा. भोपळा, तबली, गळा. धड जागी भरीव, घुमणारा आवाज येतो. जोड सुटलेला असेल तर फुटक्या मडक्यासारखा खुळखुळ आवाज येतो. त्या जागी रंगारी वापरतात ती कागदी चिकटपट्टी लावून खूण करा. जुन्या पॉलिशवर ती आठवडाभर ठेवू नका, काढताना पॉलिश उचलते.

भोपळ्याला तडा गेला आहे. फेविकॉल चालेल का?

चिकटेल, पण पुढच्या दुरुस्तीचा रस्ता बंद होईल. जुने सांधे सरसाचे (जनावरांच्या कातडी-हाडांच्या गोंदाचे) असतात. सरस गरम पाण्याने आणि वाफेने सुटतो, त्यामुळे पन्नास वर्षांनीही वाद्य उघडता येतं. पांढरा गोंद तसा सुटत नाही आणि तो लागलेल्या जागी सरसही धरत नाही. झटपट चिकटवणाऱ्या ट्यूबबद्दल तर बोलायलाच नको; ती भोपळ्याच्या कडेत शोषली जाते, कड काचेसारखी कडक होते आणि तडा तिच्या शेजारून पुढे धावतो.

सरस तयार करण्याची रीत अशी. एक भाग सरस, दोन भाग पाणी, रात्रभर भिजत. सकाळी ते भांडं गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवून साधारण ६० अंशांपर्यंत तापवा. उकळी आली की त्याची पकड जाते, मग तो टाकून द्यायचा. तड्यातली धूळ मऊ ब्रशने झाडा. हाताने दाबल्यावर तडा मिटतो का ते कोरडंच तपासा. मिटत असेल तर काम सोपं: पातळ सरस सुई काढलेल्या सिरिंजने भरा आणि सायकलच्या जुन्या ट्यूबची बोट-दीड बोट रुंद पट्टी कापून भोपळ्याभोवती ताणून गुंडाळा. बाहेर आलेला सरस ओल्या फडक्याने लगेच पुसा. २४ तास हात लावायचा नाही.

तडा मिटत नसेल तर दाबून मिटवू नका, दुसरीकडे फुटेल. फटीत जुन्या भोपळ्याचीच चकती घासून बसवावी लागते. लाकडाचा भुसा आणि गोंद यांचं लिंपण दिसायला सोपं, पण पावसाळ्यात भोपळा फुगतो आणि लिंपण जागचं हलत नाही, म्हणून दुसऱ्या वर्षी तडा परत तिथेच. तडा हातभर लांब असेल तर आतून मलमलीच्या पट्ट्या सरसात भिजवून लावणं आलं. त्यासाठी तबली उघडावी लागते आणि ते कारागिराचं काम आहे.

तारा दांडीपासून फार उंच गेल्या आहेत. दांडी वाकली का?

दांडी वाकलीच असेल असं नाही. बहुतेक वेळा गळ्याचा सांधा सुटून दांडी पुढे झुकलेली असते. तंबोरा आडवा ठेवून एका डोळ्याने दांडीच्या कडेवरून खालून वर पाहा. कड सरळ आहे पण दांडीचा भोपळ्याशी कोन बदललाय, तर सांधा. गळ्याच्या रिंगेत पोस्टकार्डाची कड शिरते का तेही पाहा. कड स्वतःच धनुष्यासारखी दिसली तर दांडी.

सांधा नीट उघडून, जुना सरस कोमट पाण्याने धुऊन, पूर्ण वाळवून परत बसवता येतो. अर्धवट उघड्या सांध्यात वरून सरस सोडणं म्हणजे धुळीला धूळ चिकटवणं. आणि हा सांधा जातो कशाने? पडण्याने जातोच, पण सुरात लावलेला तंबोरा मे महिन्यात बंद गाडीत ठेवल्यानेही जातो. सरस मऊ पडतो आणि तारा आपलं काम करतात.

तबली घोडीखाली बसली आहे.

तबलीवर पोलादी पट्टी आडवी ठेवून पाहा. वयाने एक-दोन मिलिमीटर उतार आलेला असला आणि घोडीचे दोन्ही पाय पूर्ण टेकत असले तर सोडून द्या. घोडी पुढे कलत असेल किंवा दाबल्यावर तबली करकरत असेल तर ती उघडावी लागेल.

पुराच्या पाण्यात बुडलेला तंबोरा वाचतो का?

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेच्या पाण्याने सांगलीत घरंच्या घरं भरली, तेव्हापासून हा प्रश्न नेहमीचा आहे. वाचू शकतो, घाई केली नाही तर. उन्हात, पंख्यासमोर किंवा ड्रायरने वाळवू नका. भोपळा आणि लाकूड वेगवेगळ्या वेगाने आकसतात आणि पुरात न फुटलेलं वाद्य उन्हात फुटतं. तारा पूर्ण सोडा. गाळ ओला असतानाच स्वच्छ पाण्याच्या पिळलेल्या फडक्याने पुसा, वाळला की तो पॉलिशवर कानस फिरवतो. मग सावलीत, हवेशीर खोलीत, जमिनीपासून उचलून दोन पाटांवर आडवा ठेवा, जुनी सुती चादर घाला आणि रोज कूस बदला. तीन-चार आठवडे लागतात. तोवर सुटलेले सांधे चिकटवायचे नाहीत. बुरशी आली तर कोरड्या ब्रशने घराबाहेर झाडा; स्पिरिट लावलंत तर पॉलिशही निघेल.

भोपळ्याखाली पिठासारखी भुकटी पडते.

कीड लागली आहे. भोपळा कडू असला तरी त्याला कीड लागतच नाही हा गैरसमज आहे. काळा कागद अंथरून वाद्य त्यावर रात्रभर ठेवा. सकाळी ताजी भुकटी दिसली तर कीड जिवंत आहे. भुसभुशीत लाकडासाठी मिळणारं कीडनाशक सिरिंजने प्रत्येक भोकात सोडा, भोकं मेणाने बंद करा आणि पंधरा दिवसांनी पुन्हा तपासा. हातमोजे घाला. रॉकेलचा घरगुती उपाय करू नका, वास वर्षभर जात नाही आणि पॉलिशला डाग पडतात.

खुंट्या सरकतात किंवा हलतच नाहीत.

सरकत असतील तर खुंटी काढून तिला फळ्यावरचा खडू चोळा आणि आत दाबत फिरवा. घट्ट झाली असेल तर कोरड्या साबणाची वडी एकदा फिरवा. तेल कधीच नाही. खुंटी भोकात एकाच कडेला टेकत असेल, म्हणजे तिच्यावर एकच चकचकीत कडं दिसत असेल, तर भोक लंबगोल झालं आहे. तिथे खडू चार दिवस पुरतो. भोक नव्याने ओढून खुंटी त्या मापाला उतरवावी लागते. जून ते सप्टेंबर खुंट्या फुगून बसतात, त्या काळात पक्कडीने पिळू नका. खुंटीचं फूल, म्हणजे मूठ, तुटतं.

गिटारचे मशीन हेड (दातेरी धातूच्या खुंट्या) बसवले तर?

नव्या वाद्याला खुशाल बसवा. जुन्याला नको. लाकडात नवी भोकं पडतात, शेंडा जड होतो आणि मांडीवरचा तोल जातो.

कोणत्या तारा लावायच्या?

दुकानातला 'नंबर' प्रत्येकाचा वेगळा असतो, म्हणून मायक्रोमीटरने मिलिमीटरमध्ये मोजून घ्या. काळी एकच्या (हार्मोनियमच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या) आसपास लागणाऱ्या, घोडी ते आडी सुमारे ९५ ते १०० सेंटिमीटर असलेल्या जेंट्स तंबोऱ्याला पंचमाची तार ०.४५, जोडीच्या (मधल्या, षड्जाच्या) दोन पोलादी तारा ०.३४ ते ०.३५ आणि खर्जाची (खालच्या षड्जाची) पितळी तार ०.७० च्या जवळपास. काळी पाचच्या आसपासच्या, सुमारे ८० सेंटिमीटरच्या लेडीज तंबोऱ्याला पंचम ०.३५ पोलादी, जोडी ०.२७ ते ०.२८ आणि खर्ज ०.५० ते ०.५५ पितळी. 'जाड तार, मोठा आवाज' या हिशोबाने एक पायरी वर गेलात तर ताण वाढतो आणि जुनी तबली तो सोसत नाही.

गिटारची साधी पोलादी तार जोडीला चालते. पीळ गुंडाळलेली तार मात्र घोडीवर ठेवू नका. ती कानशीसारखी घोडी खाते आणि जवारी बोलतच नाही. मणी घोडीमागे अशा जागी ठेवा की त्यांना दोन्ही दिशांना सरकायला जागा राहील.

जवारी म्हणजे नेमकं काय आणि ती बिघडते कशी?

घोडीचा माथा सपाट दिसतो, पण मागून पुढे त्याला अगदी हलका उतार असतो, बोटभर रुंदीत मिलिमीटरपेक्षाही कमी. तार हलताना त्या उतारावर गुंडाळते आणि सुटते. त्यामुळे टेकण्याची जागा क्षणाक्षणाला बदलते आणि वरचे स्वर झणझणत बाहेर पडतात. सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये वीणा आणि तंबोऱ्याच्या याच घोडीवर लिहिलं होतं: तार जिथे छेडली तिथे जे उपस्वर उमटायलाच नकोत, तेही या वाद्यांत ऐकू येतात.

बिघडण्याचं कारण साधं आहे. तार आपल्याच जागी खाच पाडते, पोलादी जोडीची आधी. मग उतारावर लोळण्याऐवजी ती नाळीत अडकते.

घोडी खिडकीच्या उजेडाकडे धरा आणि माथ्यावर पट्टीची कड उभी ठेवा. चारही खाचांतून उजेडाच्या चार बारीक चिरा दिसतील. दुरुस्तीआधी पाय पाहा: घोडी जागेवर ठेवून पायाखाली पातळ कागद सरकवून बघायचा. सरकला तर आधी पाय बसवा, नाहीतर पुढची सगळी मेहनत फुकट.

खाचा जाईपर्यंत बारीक सपाट कानस हलक्या हाताने मारायची, उतार न मोडता. मग पाणकागद ४००, ८००, १२००, लाकडी ठोकळ्याला गुंडाळून. नुसत्या बोटाने घासला की माथा लाटा धरतो. दर चार-पाच हातांनंतर थांबून, घोडी लावून, एकच तार चढवून ऐकायचं. तार नेहमीच्या पट्टीतच लावा. ढिल्या तारेवर गोड लागलेली जवारी ताणावर वेगळीच बोलते, आणि घरी होणारी सगळ्यात मोठी चूक हीच.

दोरा न घालताही तार थोडी बोलली पाहिजे. 'टर्र' असा पत्र्याचा आवाज आला तर माथा फार सपाट आहे किंवा खाच उरली आहे. 'ठप्प' होऊन आस (रेंगाळणारा नाद) लगेच मेली तर पुढची कड फार उतरली आहे. मागचा भाग खाली आणावा लागेल. खर्जाची तार जास्त हेलकावते, तिची जागा थोडी वेगळी ठेवावी लागते. प्रत्येक वेळी घोडी केसभर बुटकी होते. तारा दांडीला लागायला आल्या की पायाखाली शिसवाची पातळ चीप बसवतात.

पहिलाच प्रयत्न मूळ घोडीवर करू नका. नवी घोडी करून घ्या आणि जुनी कापडात गुंडाळून वाद्यासोबत ठेवा.

दोरा कुठला आणि किती?

शिवणाचा सुती किंवा रेशमी, पीळ न सुटलेला. तार किंचित उचलून खाली सरकवा आणि मागे-पुढे करत जा. योग्य जागी आवाज एकदम उघडतो, ती जागा तांदळाच्या दाण्याहून रुंद नसते. तो जागेवर असूनही आवाज उघडत नसेल तर दोरे बदलत बसू नका, घोडीकडे पाहा.

पॉलिश नव्याने करावं का?

शक्यतो नको. कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये भिजवून आडोशाच्या जागी टेकवा. चिकट झालं तर मूळ लाखेचं पॉलिश आहे आणि ते जागच्या जागी जुळवता येतं. एक लिटर स्पिरिटला १०० ते १५० ग्रॅम चपडा लाख, रात्रभर विरघळवून, मलमलीतून गाळून. मलमलीच्याच पुरचुंडीने पातळ हात मारायचे, दोन हातांमध्ये किमान तासभर. पावसाळ्यात करू नका, दमटपणाने पॉलिशवर पांढरी साय येते. पॉलिश पेपरने घासून काढलं तर नक्षीतली कोरीव रेघ आणि तिच्यातला काळा रंग दोन्ही जातात, ते परत येत नाही.

मिरजेत कारागिराकडे देताना काय सांगायचं?

कोणत्या पट्टीत गाता आणि जवारी खुली (झणझणीत) हवी की गोल (मऊ), हे तोंडी सांगण्यापेक्षा जाऊन ऐकवा. काढलेले जुने भाग परत हवेत हे आधीच ठरवा. सांध्यांना सरसच लावायचा, पॉलिश काढायचं नाही, हे कागदावर लिहून द्या. मिरजेच्या तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण त्यामुळे तुमच्या जुन्या वाद्याला आपोआप प्रमाणपत्र मिळत नाही.

तयार झालेला तंबोरा न्यायला जाताना तासभर हाताशी ठेवा. नव्या तारा ओढ घेतात आणि पहिले आठ-दहा दिवस सूर उतरत राहतो. तोवर जवारीबद्दल तक्रार करू नये. दहा दिवसांनी तारा स्थिरावल्यावर मग ऐका, आणि एखादीच तार वेगळी बोलत असेल तर तेवढ्या एका तारेसाठी घोडी परत दाखवा.